कापलेल्या चित्रातली कुलपं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टरच्या रविवारी आपल्या पुरवणीत एक लेख आला होता. येशू मेल्यावर पाताळात उतरला ही ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे सुमेरच्या, म्हणजे प्राचीन इराकातल्या, इनान्ना देवीच्या कथेची सरळसरळ नक्कल, असं त्याचं म्हणणं. पुढच्या रविवारी आमच्याच ख्रिस्ती समाजातल्या एका बंधूंचं उत्तर आपण छापलंत. त्यांच्या मते असली तुलना करणं हीच निंदा. आमच्या शास्त्राचा आणि ती कथा कोरलेल्या मातीच्या पाट्यांचा काडीचाही संबंध नाही. दोन्ही मी चहा गार होईस्तोवर वाचलं. वाटलं, निदान चित्राबद्दल तरी कोणी लिहील. दोन आठवडे झाले, कोणी लिहिलं नाही, म्हणून हे पत्र.

लेखासोबतच्या रंगीत चित्राखाली ‘येशूचे स्वर्गारोहण’ असं छापलं होतं. पांढऱ्या झग्यातला ख्रिस्त, मागे चांदण्या काढलेलं तेजोवलय, आणि दोन्ही हातांनी तो दोन माणसांना ओढतोय. ओढतोय म्हणजे वर नेतोय, असं मथळा लिहिणाऱ्याला वाटलं असावं. पण हे इस्तंबूलच्या खोरा चर्चमधलं भित्तिचित्र आहे, १३१५ ते १३२१ च्या दरम्यानचं, आणि त्यात ख्रिस्त आहे तो पार तळाला, पाताळात. ज्यांना ओढतोय ते आदाम आणि हव्वा, आणि दोघं निघतायत ते आपापल्या थडग्यांतून. हात धरलेला नाही, मनगट धरलंय. विहिरीत पडलेल्याला काढताना धरतात तसं. बोटं धरली तर निसटतात.

आणि आपण ते चित्र पायाशी कापलंत. कापलेल्या भागातच सगळी गोष्ट होती.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण २०११ साली मी आणि आमचे हे त्या चित्राखाली अर्धा तास उभे होतो. सहलवाल्यांच्या यादीत खोरा नव्हतं. बाकीची मंडळी बाजारात गेली आणि आम्ही टॅक्सी करून शहराच्या जुन्या तटाकडे गेलो. तेव्हा तिथे संग्रहालय होतं, आता पुन्हा मशीद झाली आहे. मुख्य चर्चच्या कुशीला एक लांबट दालन आहे, त्याच्या भिंतींत थडग्यांसाठी कोनाडे आहेत. म्हणजे ती श्रीमंतांची दफनाची जागा. त्या दालनाच्या टोकाला, अर्धगोल छतावर हे चित्र. मी इतिहास आणि संस्कृत शिकवण्यात तीस वर्षं घालवली, म्हणून मी डावीकडे दावीद, शलमोन, योहान आणि उजवीकडे काठी घेतलेला हाबेल ओळखत बसले. यांचं लक्ष भलतीकडेच. यांचं नगरला हार्डवेअरचं दुकान होतं. हे मान खाली घालून ख्रिस्ताच्या पायाखालचा काळोख बघत होते. तिथे दोन दारं उखडून पडलेली आहेत, आणि भोवती कुलपं, किल्ल्या, खिळे, अडसर यांचा नुसता सडा. त्यातच एक काळा माणूस हातपाय बांधून टाकलेला. हे म्हणाले, “दार नुसतं उघडलेलं नाही, मोडलंय. सामानसुद्धा परत वापरता येणार नाही.”

हे जाऊन चार वर्षं झाली. आपल्या पुरवणीत ते कापलेलं चित्र बघून पहिलं हेच वाक्य आठवलं.

त्या दारावरूनच मूळ वादाकडे येते. इनान्नाची कथा सुमेरियन भाषेत आहे, आपल्या हाती असलेल्या पाट्या साधारण ख्रिस्तपूर्व १७५० च्या आसपासच्या, बहुतेक निप्पूर गावातल्या. तीच कथा पुढे अक्कादी भाषेत, देवीचं नाव इश्तार करून, आखडून लिहिली गेली. त्या इश्तारच्या कथेत देवी पाताळाच्या दाराशी येते आणि द्वारपालाला दम देते: दार उघड, नाहीतर फोडीन, अडसर मोडीन, मेलेल्यांना उठवीन आणि ते जिवंतांना खातील. दार आहे, अडसर आहे, मेलेल्यांचं उठणंही आहे. लेखकमहाशयांनी नेमकी ही जागा सोडली! त्यांच्या बाजूचा सगळ्यात भारी पुरावा हाच होता.

त्याऐवजी त्यांनी काय घेतलं? तीन दिवस. इनान्ना तीन दिवस मेलेली होती, येशूही तीन दिवस, झालं. माझ्या नातवाच्या फोनवरही अगदी असाच एक तक्ता फिरून आला होता. डावीकडे देवी, उजवीकडे येशू, मध्ये बरोबरची खूण. आता मूळ कथेत तीन दिवस आणि तीन रात्री आहेत खऱ्या, पण त्या देवीच्या दासीनं वाट पाहण्याच्या. निन्शुबुर तिचं नाव. तेवढ्या वेळात मी आले नाही तर देवांकडे जाऊन रड, असं देवी तिला सांगून गेलेली असते. येशूच्या तीन दिवसांचं मूळ शोधायला इतक्या लांब जायला नको. होशेय संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायात ‘तिसऱ्या दिवशी तो आम्हांला उठवील’ या अर्थाची ओळ आहे, आणि योना तीन दिवस माशाच्या पोटात होता ही गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच आपल्याला लावून घेतो. योना तर माशाच्या पोटातून प्रार्थना करताना सरळ म्हणतो की मी अधोलोकाच्या उदरातून हाक मारली. (तीन रात्रींचा हिशोब मात्र कधीच बसत नाही. शब्बाथ शाळेत दरवर्षी एखादं पोर बोटं मोडून विचारायचं, “बाई, शुक्रवारची एक, शनिवारची एक, तिसरी कुठे?” मी फळा पुसायला लागायची.)

आणि तीनच्या आकड्यावरून नक्कल ठरवायची तर कठोपनिषदालाही पिंजऱ्यात उभं करा. नचिकेता यमाच्या घरी गेला, यम घरी नव्हता, पोरगं उपाशी बसून राहिलं. यम परतल्यावर म्हणतो, ‘तिस्रो रात्रीर्यदवात्सीर्गृहे मे’. तीन रात्री माझ्या घरी राहिलास. म्हणून तीन वर. मेलेल्यांच्या घरी जाऊन तीन रात्रींनी परत येणारा मुलगा आपल्या इथे बसलेला आहे, त्याला कोणी निप्पूरचा म्हणत नाही. इनान्नाच्या गोष्टीत एन्की देव तिला सोडवायला दोन जीव घडवतो, ते आपल्या नखांतल्या मळापासून. पार्वतीनं अंगाच्या मळापासून गणपती केला हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तक्तेवाल्यांनी अजून ही खूण कशी केली नाही, कोण जाणे.

लेखातली दुसरी गोष्ट: देवी ‘खांबावर टांगली गेली’, म्हणून क्रूस. कथेत ती पाताळाच्या न्यायाधीशांच्या नजरेनंच मरते आणि मग तिचं प्रेत खुंटीला टांगतात, खाटकाकडे मांस असतं तसं. क्रूस ही रोमन सरकारची शिक्षा होती. बंडखोर आणि गुलाम असे शेकड्यांनी टांगले जात. त्यासाठी येशूला शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताला पुराण वाचायची गरज नव्हती.

तिसरी चूक मोठी आहे आणि तिचा इतिहास मजेचा आहे. लेखात म्हटलंय की देवी आपल्या मेलेल्या प्रियकराला, दुमुझीला, सोडवायला खाली गेली. असं एके काळी मोठमोठे पंडितही मानत, कारण कथेचा शेवट कोणाकडे नव्हता. निप्पूरच्या पाट्या दोन ठिकाणी वाटल्या गेल्या होत्या. एकाच पाटीचा वरचा अर्धा इस्तंबूलला आणि खालचा फिलाडेल्फियाला निघाला. (आम्ही खोराला गेलो त्याच शहरात तो तुकडा होता आणि मला तेव्हा पत्ता नव्हता, याची चुटपुट अजून आहे.) सुमेरियन भाषेचे पंडित सॅम्युएल क्रेमर यांनी अशा तुकड्यांवरून कथा जुळवली, आणि १९५० च्या सुमारास शेवटाचा मजकूर हाती आला तेव्हा त्यांना स्वतःचंच आधीचं म्हणणं मागे घ्यावं लागलं. देवी दुमुझीला सोडवायला गेलीच नव्हती. तिनं त्याला पाताळाच्या हवाली केलं.

ते कसं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या सगळ्या वादाचा गाभा मला तिथेच दिसतो. खाली जाताना सात दरवाजे. प्रत्येकाशी तिची एकेक वस्तू काढून घेतात. डोक्यावरचा मुकुट, गळ्यातले मणी, हातातलं सोन्याचं कडं, शेवटी अंगावरचं वस्त्र. दरवेळी ती विचारते, हे काय? दरवेळी उत्तर एकच: गप्प राहा, इथली रीत आहे. पुढे एन्कीच्या दोन जीवांनी तिला जिवंत केल्यावर ती निघते, तेव्हा पाताळाचे देव अडवतात. इथून कोणी फुकट वर गेलंय का? जायचं तर बदली दे. मग यमदूत तिच्याबरोबर वर येतात आणि दिसेल त्याला न्यायला बघतात. दासी निन्शुबुर तरटात, धुळीत बसलेली. तिला देवी देत नाही. आणखी दोघे शोक करताना भेटतात, त्यांनाही नाही. मग नवरा, म्हणजे हाच दुमुझी, दिसतो. सुतक पाळायचं सोडून उंची कपडे घालून सिंहासनावर बसलेला. देवी म्हणते, न्या याला. नंतर त्याची बहीण अर्धं वर्ष त्याच्या जागी खाली राहायला तयार होते, हेही बऱ्याच उशिरा, आणखी तुकडे जुळल्यावर कळलं. ही कथा मला कुठल्याही तक्त्यापेक्षा फार मोठी वाटते. पाताळाचा हिशोब पक्का आहे: एक बाहेर, एक आत.

आता खोराचं चित्र पुन्हा बघा. ज्याला मनगटाला धरून काढलं त्या आदामाच्या जागी कोणाला बसवलंय? थडगी रिकामीच आहेत. आमच्या उपासनेला येणारी कोणीही म्हातारी याचं उत्तर देईल, की बदली तो स्वतःच झाला. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव खंडणी म्हणून देण्याबद्दल बोलतो, आणि ‘खंडणी’ हा शब्द आम्हां मराठी माणसांना समजावून सांगावा लागत नाही. पाताळ काहीतरी मागतं, दिल्याशिवाय सोडत नाही, ही समजूत निप्पूरच्या लेखनिकालाही होती आणि गालीलच्या कोळ्यालाही. प्रतिध्वनी म्हणायचाच तर मी याला म्हणेन. पण तो नक्कल म्हणून सिद्ध करायला मधला रस्ता दाखवावा लागतो, कोणी कोणाकडून कुठे ऐकलं तो. दीड-दोन हजार वर्षांचं अंतर आहे. रस्ता अगदीच नव्हता असंही नाही. दुमुझीचंच नाव पुढे तम्मूज झालं, आणि यरुशलेमच्या मंदिराच्या दाराशी बायका तम्मूजसाठी रडत बसल्याचं यहेज्केल संदेष्ट्यानं आठव्या अध्यायात चिडून लिहून ठेवलंय.

म्हणून आमच्या बंधूंना सांगते, काडीचाही संबंध नाही असं म्हणून चालायचं नाही. आपल्याच पुस्तकात तम्मूज आहे. नव्या करारात मेलेल्यांच्या जागेला ग्रीक शब्द वापरलाय तो हेडीस, म्हणजे ग्रीकांच्या पाताळातल्या देवाचं नाव. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पापी देवदूतांना कोंडायचं तेव्हा क्रियापदच टार्टारस या ग्रीक पाताळावरून केलंय. इंग्रजीतला ‘हेल’ हा शब्द ख्रिस्ती होण्याआधीच्या उत्तर युरोपातला आहे. शब्द ऐकणाऱ्याच्या घरातले घ्यावे लागतात. गोव्याच्या राचोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं, तेव्हा स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं. म्हणून त्यांनी येशू विष्णुपुराणातून उचलला असं होत नाही, आणि वैकुंठ हा शब्द त्यांनी शून्यातून आणला असंही होत नाही.

उगारित नावाच्या जुन्या नगराच्या पाट्या १९२९ पासून सीरियात सापडू लागल्या. त्यात मोत म्हणजे मृत्यू हा देव आहे, आणि त्याचं काम गिळणं. तो बआल देवाला गिळतो. यशया पंचविसाव्या अध्यायात उलट फिरवून म्हणतो की देव मृत्यूलाच कायमचा गिळून टाकील, आणि पौल करिंथच्या मंडळीला तेच वाक्य ऐकवतो. शेजाऱ्याची गोष्ट माहीत असल्याशिवाय तिच्यावर असा उलटा वार करता येत नाही. मला यात निंदा दिसत नाही, हुशारी दिसते.

राहिली ती ओळ. ‘अधोलोकात उतरला’ असं आम्ही प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, लहानपणापासून म्हणतो. ती ओळ तिथे पहिल्यापासून नव्हती, हे बंधूंनी पाळकांना विचारून खात्री करून घ्यावी. इसवी सन ४०४ च्या सुमारास रुफिनस हा ख्रिस्ती लेखक लिहितो की आमच्या अक्विलेया गावच्या विश्वासांगीकारात ही ओळ आहे, रोमच्या नाही. आणि तिचा अर्थ ‘पुरला गेला’ याच्याशी मिळताच दिसतो. नायसियाच्या विश्वासांगीकारात ती आजही नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात तुरुंगातल्या आत्म्यांना घोषणा केली असं आहे, त्याचा या उतरण्याशी संबंध लावायला जुने धर्मपंडित ऑगस्टीन कचरले. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्व्हिन म्हणाले, हे उतरणं म्हणजे क्रुसावरच्या यातना. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी तर ओळच गाळली. मी अजून म्हणते. मोठ्यानं म्हणते, कारण आमचे हे ती ओळ आली की माझ्याकडे बघायचे.

कुलपं आली कुठून मग? निकदेमाच्या नावानं चालणारं एक शुभवर्तमान आहे, बायबलबाहेरचं, येशूनंतर काही शतकांनी तयार झालेलं. त्यात हेडीस हा जिवंत पात्र आहे आणि सैतानाशी कडाकडा भांडतो. म्हणतो, परवा त्या लाजराला गिळला होता, कोणीतरी एका शब्दात माझ्या पोटातून उपसून नेला, अजून आतडी दुखतायत. आता या माणसाला इकडे आणू नकोस. पण तोवर दारावर हाक येते, वेशींनो उघडा, राजा येतोय. ती हाक चोविसाव्या स्तोत्रातली. मोडलेले पितळी दरवाजे आणि लोखंडी अडसर एकशे सातव्या स्तोत्रातले. चित्रकारांनी दारं, कुलपं, खिळे तिथून घेतले. पोटदुखीनं कळवळणारा हेडीस मोतचा नातलग वाटतो, यात वाद नाही. पण त्याच्या दारावरचं सामान इब्री स्तोत्रांच्या दुकानातलं आहे.

एक शेवटचं. सगळ्या जगात शोधून ख्रिस्ताच्या या उतरण्याला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट मला मार्कंडेय पुराणात मिळाली. विदेहाचा राजा विपश्चित एका लहानशा दोषापायी थोडा वेळ नरकात येतो. निघायला लागतो तेव्हा तिथले जीव ओरडतात, थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्यानं आमची आग शांत होते. राजा म्हणतो, मग मी जात नाही. यमदूत समजावतात, इंद्र येतो, धर्म येतो. राजा आपलं पुण्य त्या जीवांना देऊन टाकतो आणि ते सुटतात. इथे बदली नाही, दार मोडणंही नाही. नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसत. सुमेरहून येशू आणि येशूवरून विपश्चित, किंवा उलट, असा तक्ता कोणी करू पाहील तर त्यानं आधी पुराण उघडून तेरा ते पंधरा हे अध्याय वाचावेत.

आता आपल्याला विनंती. चूक दुरुस्तीच्या चौकटीत मथळा सुधारून छापाच, पण चित्रही पुन्हा छापा, आणि या वेळी खालून कापू नका. जागा कमी पडत असेल तर वरच्या चांदण्या कापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर